रायरंदाचा हात

महालक्ष्म्यांच्या आराशीत मांडलेल्या वस्तूंची यादी कोणी दप्तरी नोंदवून ठेवीत नाही. पण अकोल्याला माझ्या आजोळी भाद्रपदातल्या त्या तीन दिवसांत ज्येष्ठा-कनिष्ठांच्या पुढ्यात पायरीपायरीने जे एक चिमुकले जग उभे राही, ज्यात लाकडी भाजीवाली असे, कचकड्याचे बदक असे, पितळी पालखी असे आणि पोळ्याला कुंभारवाड्यातून आणलेली मातीची बैलजोडी असे, त्या जगाचा एक रहिवासी डोळे मिटले की आजही मला जसाच्या तसा दिसतो. वीतभर उंचीची ती चिनी मातीची बाहुली होती. अंगात लाल, पिवळ्या आणि निळ्या तुकड्यांचा घट्ट पोशाख, तोंडावर काळा अर्धमुखवटा, कंबर किंचित वाकलेली, एक पाय पुढे टाकलेला, डावा हात पाठीशी आणि उजवा समोर कोणाकडे तरी रोखलेला. मात्र रोखलेले बोट मुळापासून तुटलेले. कापसाच्या दलालीत असलेल्या माझ्या पणजोबांनी, एका परदेशी पेढीचा साहेब मुलूख सोडून जाताना त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा जो लिलाव झाला त्यात, एका घड्याळाच्या जोडीने ती घेतली होती, अशी घरातली आख्यायिका. शिकलेली मंडळी त्या बाहुलीला जोकर म्हणत. आजी मात्र तिला ‘रायरंद’ म्हणे, आणि आम्ही मुले आजीच्या अज्ञानाला हसत असू.

रायरंद म्हणजे बहुरूपी. सुगी घरात आली की वऱ्हाडातल्या खेड्यांत त्याची फेरी असे. कधी खाकी पोशाख चढवून तो फौजदार होई आणि ओट्यावर पान जमवीत बसलेल्या प्रतिष्ठित देशमुखाच्या नावाने खोटेच वॉरंट काढी. कधी न ठरलेल्या लग्नाचे आवतण देऊन, न शिजलेल्या पंगतीतल्या पक्वान्नांची नावे एका दमात म्हणत, साऱ्या आळीला मांडवात बोलावी. तो अंमलदाराचे सोंग घेई, घरधनी भ्याल्याचे सोंग घेई, आणि या दोन सोंगांच्या मधल्या जागेत जो हशा पिके त्याचा मोबदला म्हणून सुपातली ज्वारी त्याच्या झोळीत पडे. सरकारदरबारी ज्याच्यापुढे खरोखरच मान खाली घालावी लागे, त्या अधिकाराला आपल्याच अंगणात पाच मिनिटे हसून घेण्याची ही सनद गावाने रायरंदाला दिलेली होती.

आजीचे म्हणणे बरोबर होते, हे कळायला मला पुढे चाळीस वर्षे लागली. त्या बाहुलीचे मूळ नाव आर्लेकिनो. सोळाव्या शतकात इटलीच्या चव्हाट्यांवर जे व्यावसायिक विनोदी नाट्य उदयाला आले आणि ज्याला पुढे ‘कोमेदिया देल्लार्ते’ असे म्हणू लागले, त्यातला हा बेर्गामोकडचा भुकेला, चपळ, मार खाणारा आणि मार चुकवणारा नोकर. त्याच्या भोवती व्हेनिसचा चिक्कू व्यापारी पान्तालोने, बोलोन्याचा पोकळ पंडित दोत्तोरे, आणि शत्रू दिसेपर्यंतच शूर असणारा कापितानो. या मंडळींपाशी लिहिलेली संहिता नसे. कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला असे आणि बाकीचा सारा व्यवहार, आपल्या तमाशातल्या बतावणीसारखा, नटाच्या जिभेवर आणि अंगावर चाले. आर्लेकिनोच्या अंगावरचे रंगीत शंकरपाळे आज शोभेचे वाटतात. पण आरंभी ती दरिद्री नोकराच्या फाटक्या कपड्यांवरची ठिगळे होती, आणि नटांच्या पिढ्या बदलता बदलता ती ठिगळे आखीव, रेखीव, दरबारी झाली. आजीने इटलीचे नाव ऐकले नसेल. परंतु तिने मुखवटा पाहिला, वाकलेली कंबर पाहिली, ठिगळे पाहिली आणि कूळ ओळखले.

चव्हाट्यावरचा हा नोकर चिनी मातीत कसा उतरला, ती हकीकत त्याच्या कोणत्याही नाटकाइतकीच चमत्कारिक आहे. चीन आणि जपानमधून येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र भांड्यांनी युरोपातले राजे इतके झपाटले होते की, सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने 1717 साली आपल्या फौजेतले 600 स्वार प्रशियाच्या राजाच्या हवाली करून त्याच्याकडून 151 चिनी भांडी पदरात पाडून घेतली. याच ऑगस्टसने, सोने करून दाखवतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या एका तरुण किमयागाराला कैदेत ठेवले होते. सोने काही झाले नाही, पण चिर्नहाउस या विद्वानाच्या देखरेखीखाली 1708 च्या सुमारास त्या भट्टीतून खऱ्या चिनी मातीचे पहिले युरोपीय भांडे निघाले, आणि 1710 मध्ये माइसेन गावच्या गडावर कडेकोट बंदोबस्तात कारखाना सुरू झाला. या साऱ्या किमयेचे बीज केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीत होते. ही माती आपल्याला परकी नाही. सातवाहनांच्या अमदानीत आपल्या तेरच्या कारागिरांनी दुहेरी साच्यांतून काढलेल्या केओलिनच्या बाहुल्या तिथल्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. फरक तापाचा होता. आपल्या आव्यातला ताव हजार अंशांच्या आत राही. माइसेनच्या भट्टीत तो चौदाशेच्या घरात गेला आणि माती काचेसारखी घट्ट झाली.

1731 साली या कारखान्यात योहान योआखिम केंडलर हा शिल्पी रुजू झाला, आणि 1736 च्या सुमारापासून त्याच्या हातून आर्लेकिनोच्या मूर्तींमागून मूर्ती निघू लागल्या. राजेरजवाड्यांच्या मेजवानीत शेवटच्या गोड पदार्थांच्या वेळी मेजावर पूर्वी साखरेची आणि मेणाची चित्रे मांडीत. त्यांची जागा आता या मूर्तींनी घेतली. येथे इतिहासाने केलेला एक विनोद मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्याच सॅक्सनीत, लाइपझिग येथे, गॉटशेट नावाच्या पंडिताने नाट्यसुधारणेचा झेंडा उभारला होता. अचकट-विचकट बोलणारा, ऐन गंभीर प्रसंगी कोलांटी मारणारा हा विदूषक सुसंस्कृत रंगभूमीला कलंक आहे असे त्याचे मत होते, आणि 1737 मध्ये कारोलिने नॉयबर या नाट्यसंचालिकेने भर रंगमंचावर, एका प्रयोगातच, त्याला हद्दपार केल्याचा समारंभ साजरा केला. म्हणजे एकाच राज्यात एकाच काळी पंडित त्याला रंगमंचावरून हाकलीत होते आणि कुंभार त्याला भट्टीत भाजून अमर करीत होते. पॅरिसमधून चौदाव्या लुईने इटालियन नटांना 1697 सालीच बरतर्फ केले होते. राजाच्या अंतःपुरातल्या व्यक्तीची टवाळी त्यांना भोवली, असे सांगतात. हुकूम आला की नट निमूटपणे गाव सोडतो. मूर्तीला हुकूम लागू होत नाही.

पुढे वाइसनफेल्सच्या सरदारासाठी माइसेनमध्ये या पात्रांची एक मालिकाच झाली, आणि ती घडवताना कारागिरांनी रिक्कोबोनी या नटाने 1728 साली प्रसिद्ध केलेल्या इटालियन रंगभूमीच्या इतिहासातली चित्रे समोर ठेवली. परंतु या कलेचा कळस झाला तो बव्हेरियात. फ्रान्झ आंटोन बुस्टेली नावाचा एक शिल्पी, ज्याच्या पूर्वायुष्याविषयी जवळपास काहीच ठाऊक नाही, 1754 मध्ये तिथल्या राजकारखान्यात आला, 1763 मध्ये मरण पावला, आणि मधल्या नऊ वर्षांत, 1759-60 च्या सुमारास, त्याने या नाट्यातल्या 16 पात्रांच्या मूर्ती घडवल्या. त्या जोडीजोडीने बोलतात. एकाने मान वळवली की दुसऱ्याने खांदे उडवलेले असतात. एकीने पदर सावरला की समोरचा उगाच छाती काढतो. एकही शब्द नसताना, मेजावर त्या मूर्ती पुढेमागे सरकवल्या की प्रवेश बदलतो.

या मूर्तींपुढे मला जे सुचले तेच या लेखाचे प्रयोजन आहे. विनोदी नाट्यातला शब्द टिकतो, ढब जाते. शोकनाट्याचे वैभव बव्हंशी भाषेत असल्यामुळे ते ग्रंथात बरेचसे सुखरूप राहते. पण विनोद हा कंबर कोठे वाकली, भुवई केव्हा चढली, पाय किती पुढे पडला आणि बोट कोणाकडे वळले यांवर उभा असतो, आणि या गोष्टींना छापखान्यात खिळे नसतात. इटालियन नटांनी आपल्यामागे फारसे लिखाण ठेवले नाही. परंतु कापितानो उभा कसा राही, हे बुस्टेलीची मूर्ती पाहून आजचा नट शिकू शकतो. दप्तर हरवले तरी मातीने साक्ष राखली.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. आपल्याकडे विनोदाच्या संहितेची ददात कधीच नव्हती. भरताने विदूषकाचे ठेंगणे, दातरे, कुबडे, टकले रूप वर्णून ठेवले आहे, शूद्रकाने ज्या प्रकरणाचे नावच मातीच्या खेळण्यावरून ठेवले त्या ‘मृच्छकटिका’त मैत्रेयासारखा विदूषक अजरामर केला, 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी पडदा उघडला तेव्हाही सूत्रधाराची थट्टा करायला विदूषक हजर होता. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’तला फाल्गुनराव तर आपल्या या चिनी मातीच्या बाहुलीचा दूरचा भाऊबंदच आहे, कारण देवलांनी आधार घेतला इंग्रज नाटककार मर्फीच्या नाटकाचा, मर्फीने घेतला होता मोलिएरच्या 1660 सालच्या ‘स्गानारेल’चा, आणि मोलिएरची नाटकमंडळी पॅरिसात ज्या नाट्यगृहात खेळ करी, त्याच नाट्यगृहात आळीपाळीने इटालियन नट आपले मुखवटे चढवीत होते. भावकीचा हा दाखला कोणत्याही वतनदाराने अभिमानाने मिरवावा इतका चोख आहे.

वऱ्हाडही या दौलतीत मागे नाही. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठी विनोदाला प्रौढ रूप देणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे काही शिक्षण अकोल्यात झाले आणि त्यांची वकिली याच भागात चालली. 1905 साली मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षस्थान अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी भूषविले. ‘रणदुंदुभी’चे कर्ते वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. कापसाच्या पैशावर येथे नाटक कंपन्यांचे मुक्काम पडत. हे सारे छापील आहे, म्हणून सुरक्षित आहे. जे छापील नाही ते कोठे आहे? पोळ्याच्या तोरणाखाली, बैल सुटण्याआधी, सावकारापासून सरकारपर्यंत साऱ्यांची रेवडी उडवणाऱ्या झडत्या म्हणताना म्हणणारा उभा कसा राही? दंडारीतला सोंगाड्या हशा येण्यापूर्वी किती थांबे? नाच्या आरशात न पाहता पदर कसा सावरी? खोटे वॉरंट वाचताना रायरंदाचा कागद उलटा असे की सुलटा? ज्यांनी हे पाहिले ती पिढी आता ओट्यावर बसून ऊन खाते आहे, आणि त्यांना हे विचारायला कोणी जात नाही.

ठिगळांचा विषय निघाला म्हणून, तुलनेचा अविनय न करता, आणखी एक स्मरण करावेसे वाटते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचा सदरा आणि हाती मातीचे गाडगे असे. त्यांच्या कीर्तनात श्रोत्यांना विचारलेले साधे प्रश्न असत, ऐन वऱ्हाडीतली थट्टा असे, आणि हसता हसता माणूस आपल्याच मूर्खपणापाशी येऊन थबके. इटलीतली ठिगळे दरबारात गेली आणि रेशमी झाली; बाबांनी आपली ठिगळे अखेरपर्यंत ठिगळेच राहू दिली. हशाचा उगम दारिद्र्यापाशी आहे आणि त्याचा रोख दंभाकडे असला पाहिजे, हे या भूमीला शिकवायला परदेशी मूर्तीची गरज नाही. पण त्याची आठवण द्यायला ती पुरेशी आहे.

मातीच्या हुन्नराचेही तेच. आपली काळी कसदार जमीन कापसाला जेवढी धार्जिणी तेवढी कुंभाराला नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. म्हणून इथला कुंभार नदीनाल्याच्या गाळाची माती आणतो, तीत राख आणि लीद कालवतो, आणि या कष्टाच्या मातीतून पोळ्याला बैल व भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई घडवतो. भुलाबाई ही तर साक्षात नाट्यमूर्ती आहे. सारीपाटाच्या डावानंतर रुसून गेलेल्या शंकराला पार्वतीने भिल्लिणीचे सोंग घेऊन भुलवले. ती भुलाबाई, तो भुललेला म्हणून भुलोबा. जगन्मातेने घेतलेले सोंग, तेवढेच मातीत उतरवून, ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात महिनाभर बसवायचे, तिच्यापुढे सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल करणारी गाणी मुलींनी म्हणायची, झाकलेली खिरापत ओळखायची, आणि कोजागिरीला निरोप द्यायचा: माती आणि हसू यांची अशी सोयरीक ज्या मुलखाच्या पंचांगातच लिहिलेली आहे, त्याने आपल्या सोंगाड्यांना मातीचे शरीर देऊ नये, हे मला विपरीत वाटते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की विसर्जन हीच आपली रीत. हसू क्षणाचे असते, ते भाजून फडताळात ठेवले की मरते. मान्य. परंतु विसर्जनाच्या पोटी एक विश्वास असतो, तो हा की, पुढच्या वर्षी तीच मूर्ती घडवणारा हात गावात असेल. साचा त्या हातात असतो, म्हणून मूर्ती पाण्यात सोडता येते. हात गेला, पाहणारे डोळे गेले, की त्या क्रियेला विसर्जन म्हणत नाहीत; तिला हरवणे म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आर्लेकिनो ज्या धनिकांना हसत असे त्यांच्याच मेजावर तो शोभेची वस्तू होऊन बसला. मूर्ती झाली आणि दात गेले. हे खरे आहे, आणि म्हणूनच आपल्या मूर्ती काचेच्या कपाटात जाऊ नयेत. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या हातात जाव्यात, फुटाव्यात, पुन्हा घडाव्यात. आज आपल्या शहरांतला प्रत्येक चौक दोन मजली उंचीच्या पुतळ्यासाठी वर्गणी जमवतो; मी वीतभर उंचीच्या बारा मूर्ती मागतो आहे. अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या अध्यापकांनी व नाट्यकर्मींनी जुन्या लोककलावंतांपाशी बसावे, त्यांना रीतसर मानधन द्यावे, त्यांना उभे राहायला सांगावे, चालायला सांगावे. शेजारी कुंभाराने चिखलाचा गोळा घेऊन बसावे. पक्क्या भाजणीचा सल्ला हवा असेल तर कृष्णमूर्ती मिरमिरांनी भद्रावतीला उभारलेला ग्रामोदय संघ विदर्भातच आहे. आणि प्रत्येक मूर्तीच्या तळाशी, माइसेनच्या मूर्तीखाली जशा दोन तलवारी असतात तसे, ज्याची ढब घेतली त्याचे आणि ज्याने घडवली त्याचे अशी दोन नावे कोरावीत.

हे काम केवळ हौसेचे नाही. 2018 च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठार मारले. ज्या समाजाला एके काळी दारातला अनोळखी वेषधारी पाहून हसावे की भ्यावे याचा निवाडा एका क्षणात करता येत असे, त्याची ती नजर गेली, हा मला त्या भीषण घटनेचा एक अर्थ दिसतो. सोंग ओळखण्याची शक्ती ही सामाजिक शक्ती आहे. ती गेली की खऱ्या फौजदाराचा दंभही ओळखू येत नाही आणि खोट्या फौजदाराचे निरुपद्रवीपणही.

आजोळची ती बाहुली आता माझ्या टेबलावर आहे. तिच्या तळाशी तलवारी नाहीत, एक पुसट आकडा आहे. एखाद्या जर्मन कारखान्यातली ती मागाहूनची नक्कल असावी. गेल्या भाद्रपदात भुलाबाई आणायला कुंभारवाड्यात गेलो तेव्हा ती बरोबर नेली आणि ओळखीच्या कुंभाराला म्हटले, असाच आपला रायरंद करून द्या. त्याने बाहुली उलटसुलट केली, तुटलेल्या बोटावरून अंगठा फिरवला आणि विचारले, ‘‘हात कोठी ठेवू जी त्याचा?’’ एवढे वाचलेला मी, मला उत्तर देता आले नाही. तेव्हा आत खाटेवर पडलेले त्याचे वडील, ज्यांना धरून उठवावे लागते, काठी टेकीत स्वतःच उठले, उंबऱ्यापाशी आले, मुलाच्या खांद्यावरचा गमछा पट्ट्यासारखा कमरेला गुंडाळला, डावा हात पाठीशी नेला, आणि उजवे बोट माझ्यावर रोखून माझ्या नावाचे वॉरंट वाचू लागले.